नखातली भूक

मी बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालते. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात आणि शेजारच्या दोन-तीन वाड्यांवर बावीस वर्षं हेच काम करत आले. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, मग कढत पाण्याची बालदी जवळ ओढायची. हे मला सासूबाईंनी शिकवलं. मी मूळची सावंतवाडीकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा गावात मला कोणी ओळखत नव्हतं. पुढे ह्या कामामुळे एकेका घराचं न्हाणीघरसुद्धा माझ्या ओळखीचं झालं.

मला जो आजार झाला त्याला आम्ही गजकर्ण म्हणतो. त्याने कोणी मरत नाही. म्हणून कोणी विचारायलाही येत नाही, आणि तो ज्या जागी होतो त्या जागेचं नाव काढायची आपल्याला लाज वाटते. म्हापशाच्या इस्पितळात त्वचेच्या डॉक्टरांच्या दारासमोर एक लांब बाक आहे. त्यावर मी अनेक मंगळवार बसले. प्रत्येक जण ओढणीत नाहीतर खिशात हात लपवून बसलेला असायचा, आणि प्रत्येकाला वाटायचं की हे आपल्याच वाट्याला आलं. त्या बाकावरच्या माणसांसाठी मी हे लिहिते आहे.

*

सुरुवात कमरेला झाली. परकराची नाडी जिथे बसते तिथे. उन्हाळ्याचे दिवस, घामाने नाडी ओलीच असायची. आधी एक लाल कडं आलं, आतून स्वच्छ, कडेला बारीक पुरळ. मग त्याच्या शेजारी दुसरं. खाज अशी की बाजारात उभी असतानासुद्धा हात तिकडे जायचा आणि मी पदर सारखा केल्याचं नाटक करायची.

ह्यांना सांगितलं नाही. हे खाजगी बसवर ड्रायव्हर. पहाटे जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे, झोपायचे. तीस वर्षांच्या संसारात आम्ही पैपाहुणे, लेकीचं लग्न, छपराची कौलं सगळं बोललो, पण अशा गोष्टी कधी बोललो नव्हतो.

फार्मासीत गेले. दुसरी दोन गिऱ्हाइकं होती म्हणून त्यांना आधी जाऊ दिलं आणि मग हळूच म्हटलं, खाजेचं काहीतरी द्या. काउंटरवरच्या माणसाने काही न विचारता एक ट्यूब पुढे सरकवली. लावली आणि दोन दिवसांत खाज गेली. चार दिवसांत लाली गेली. मी देवापुढे दिवा लावला. ट्यूब बंद केली तशी आठवड्यात कडी परत आली, पहिल्यापेक्षा मोठी. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा कडी. असं वर्षभर चाललं.

त्या वर्षात ते उजव्या तळहातावर आलं. तळहाताच्या रेषांत पीठ भरावं तसा कोंडा दिसायचा. मला वाटलं, साबणाने आणि गरम पाण्याने कातडी सुकली असेल, आमच्या कामात होतं तसं. मग अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं नख पिवळं पडलं, जाड झालं, खालून खडूसारखं भुगा होऊन झडू लागलं. बाळाला टोचू नये म्हणून मी ती दोन नखं अगदी बुडाशी कापायची. त्या हाताने मी रोज दोन घरी तेल लावत होते.

*

आता जे लिहिते आहे ते लिहावं की नाही ह्याचा मी बराच विचार केला.

नमिता ही वरच्या वाड्यावरची सून. तिचं पहिलं बाळंतपण, मुलगी झाली होती. पंचविसाव्या दिवशी मी मुलीला पायांवर पालथं घेतलं आणि तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, एक कडं दिसलं. गोल, लाल, आतून स्वच्छ. मी बघताक्षणी ओळखलं. माझ्या कमरेवर तेच होतं.

नमिताने विचारलं, "सुलूवयनी, ह्या उष्णतेचा काय गो?"

मी होय म्हटलं.

त्या दिवशी मी ती जागा सोडून आजूबाजूला तेल लावलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही गेले. तीन दिवस मला माहीत होतं आणि तीन दिवस मी त्या पोरीला त्याच हाताने न्हाऊ घातलं, कारण जायचं थांबवलं असतं तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. पुढे डॉक्टरांनी मला सांगितलं की त्या तीन दिवसांनी फारसा फरक पडला नसेल, लागण आधीच झालेली होती. पण मी स्वतःला ते सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी नमिताची सासू शांताकाकी न्हाणीच्या दारात उभी राहिली. मी हात धूत होते. ती म्हणाली, "सुलू, हात दाखय बगया."

मी दाखवला. तिने तो धरला नाही, वाकून नुसता बघितला. आणि मग शांतपणे म्हणाली, "उद्यापासून येव नको गो. रागान नाय सांगत. पोराचो प्रश्न आसा."

मी पाट भिंतीला टेकवून ठेवला आणि मागच्या दाराने निघाले.

*

त्यानंतर मला कोणी काही बोललं नाही. वाईटही बोललं नाही. पुढच्या महिन्यात खालच्या वाड्यावर बाळंतपण झालं, तिथे दुसऱ्या गावची बाई आली. देवळात प्रसाद वाटणारी बाई माझ्या ओंजळीत जरा उंचावरून प्रसाद सोडायची. चतुर्थीला शेजारणीने करंज्या वळायला बोलावलं नाही.

घरी मी माझा अंग पुसायचा तुवालो वेगळा केला, साबण वेगळा, ताट वेगळं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच केलं. एके दिवशी ह्यांनी आपली चटई उचलली आणि बाहेरच्या सोप्यावर अंथरली. गरम होतं, म्हणाले. मी मान हलवली. मला समजलं की ह्यांनाही किळस आली. एका छपराखाली राहून आम्ही दिवसाला दहा वाक्यं बोलत होतो की नाही, शंका आहे.

सकाळचा वेळ सगळ्यात वाईट. बावीस वर्षं सकाळी आठ वाजता माझ्या पायांवर कोणाचं तरी बाळ असायचं. आता आठ वाजता पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजायचा, मी पाव घ्यायची, आणि मग काय करायचं ते मला कळायचं नाही. माणसाला दुसऱ्या माणसाचा स्पर्श लागतो हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं. माझ्याकडे तो रोज भरपूर होता. आता दोन महिने मला कोणी हात लावला नव्हता. कंडक्टरसुद्धा मी हात पुढे केला की तिकीट सीटवर ठेवायचा. कदाचित तो सगळ्यांचंच तसं ठेवत असेल. त्या दिवसांत मला तसं वाटायचं नाही.

*

इस्पितळात मी गेले ती लेकीमुळे. दीपा आमची एकुलती एक, डिचोलीला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. फोनवर तिने विचारलं, आई, मी कधी येऊ? पहिलं बाळंतपण माहेरचं. मी म्हटलं, थांब जरा, घर रंगवायचं आहे. घर रंगवायचं नव्हतं. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाची बस धरली.

केसपेपर काढला, बाकावर बसले. अकराच्या सुमाराला नाव पुकारलं. डॉक्टरबाई माझ्या दीपापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी माझा उजवा हात हातमोजा न घालता हातात घेतला. तळहात उलगडला, अंगठ्याने एकेक बोट दाबून बघितलं, नखं उजेडाकडे धरली. मी रडायला लागले. त्या घाबरल्या, दुखतं का म्हणाल्या. मी म्हटलं, नाही.

त्यांनी कंबर बघितली, ट्यूब आणली आहे का विचारलं. मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती वाचली आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिली, मला परत केली नाही. मग नख खरवडून घ्यायला प्रयोगशाळेत पाठवलं.

तिथे एक तरुण मुलगी होती, आमोण्याची. तिने बोथट पात्याने नखाखालचा भुगा काचेवर घेतला, त्यावर दोन थेंब टाकले, वरून दुसरी काच ठेवली. थोडं थांबावं लागेल म्हणाली. मी तिला विचारलं की ह्यात काय दिसणार. ती कामात होती, पण तिने मला हाकललं नाही. वेळ झाल्यावर सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायला लावला. आधी मला माझीच पापणी दिसली. मग धूसर तुकड्यांमधून गेलेले बारीक धागे दिसले, फांद्या फुटलेले, आरपार काचेसारखे.

"ही बुरशी," ती म्हणाली. "कातडीच्या वरच्या थरात, केसांत आणि नखांत एकच कठीण प्रथिन असतं. गुरांच्या शिंगांत असतं तेच. ते सहसा कोणाला पचत नाही. हिला पचतं."

मी विचारलं, हिला दात असतात का?

ती हसली नाही. म्हणाली, "दात नाहीत, तोंड नाही, पोटही नाही. आपण खातो आणि मग पोटात पचवतो. ही उलटं करते. ह्या धाग्यांतून पाचक रस बाहेर सोडते, एन्झाइम म्हणतात त्यांना. त्या रसाने नखाचं प्रथिन जागच्या जागी सुटं होतं, मग ही ते शोषून घेते."

"म्हणजे आधी पचवते आणि मग खाते."

"होय."

वर्षभर माझ्या नखाचा भुगा का होत होता ते मला तेव्हा कळलं. तो उरलेला चोथा होता. मी विचारलं, हे आत रक्तात जाईल का? ती म्हणाली, निरोगी माणसात सहसा नाही, हिचं अन्न वरच्याच थरात असतं. आणि मग त्या ट्यूबबद्दल तिने सांगितलं ते मी अजून विसरले नाही. रस कातडीला झोंबतो म्हणून शरीर चिडतं, लाल होतं, खाजतं. ट्यूबमध्ये त्या चिडण्याला झोपवणारं औषध होतं. खाज गेली, लाली गेली, आणि बुरशी निवांत जेवत राहिली.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. भीती वाटायला हवी होती. पण मला जरा हलकं वाटलं. गावात माझ्यामागे कोणी पाप म्हणत होतं, कोणी अस्वच्छपणा. इथे एका पोरीने मला सांगितलं की हे काय आहे आणि ते काय खातं.

*

डॉक्टरबाईंनी रक्त तपासून गोळ्या सुरू केल्या. कमरेला साधं मलम, कपडे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात, नाडी सैल, तुवालो रोज धुतलेला. नखं महिनोन्महिने घेतील, कारण खाल्लेलं नख बरं होत नसतं, नवं यावं लागतं. शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का? मी म्हटलं, नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

ट्यूब बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस अंगाची आग झाली. कडी मांडीपर्यंत उतरली. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी गोळ्या सोडून परत फार्मासीत गेले असते. ज्यांना हे सोसायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ते पंधरा दिवस काढा. ते संपतात.

दीपाला मीच फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, सासूबाईंना काय सांगू?" मी म्हटलं, जे आहे ते सांग. बाळंतपण डिचोलीलाच झालं, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. मुलगी झाली. आम्ही दोघं बघायला गेलो. मी खोलीच्या दाराशी उभी राहिले, दोन्ही हात पदराखाली. दीपाच्या सासूने बाळाला उचलून माझ्याकडे वळवून दाखवलं. तिने ते चांगल्या मनाने केलं. डिचोलीच्या कोणा बाईला न्हाऊ घालायला बोलावलं होतं. ती कशी बसते, पाणी किती कढत घेते, मला सगळं विचारायचं होतं.

*

पौष महिन्यात माझी कातडी स्वच्छ झाली होती. नखांच्या बुडाशी गुलाबी चंद्रकोर दिसू लागली होती. आणि एका सकाळी नाडीच्या जागी पुन्हा कडं आलं.

डॉक्टरबाईंनी ह्या वेळी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुम्ही गोळी चुकवली नाही, कपडे उकळता, मग हे परत येतंय कुठून? घरात कोणाला तरी असणार.

घरात आम्ही दोघंच.

रविवार होता, ह्यांची सुट्टी. हे विहिरीपाशी बसून दाढी करत होते. मी समोर उभी राहिले आणि डॉक्टरांनी विचारलेलं जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी आरसा खाली ठेवला. अर्ध्या गालाला फेस तसाच होता.

"माका पण आसा."

"केदनापासून?"

"तुझ्या आदीपासून."

मग थांबून थांबून सांगितलं. इंजिनाशेजारच्या तापलेल्या सीटवर बारा तास बसायचं, जाड पँट, घाम. जांघेत सुरू झालं. तशीच ट्यूब आणली आणि बसमध्ये सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, म्हणजे मला दिसू नये. सोप्यावर चटई टाकली ती किळस येऊन नव्हे. स्वतःचं दुखणं मला कळेल म्हणून. इस्पितळात मी जात होते तेव्हा हे रोज मला विचारायचं ठरवायचे आणि रोज गप्प बसायचे.

"लोक तुझा नाव घेत होते आणि मी गप रवलंय," हे म्हणाले. "भियालंय."

मी म्हटलं, "बावीस वर्सांत माका कोणी येव नको म्हणूक नाय. तुमी गप रवलात."

मी घरात आले. आठ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढत होते, चहा देत होते, पण बोलले नाही. लोकांनी दूर ठेवलं ते मी सोसलं होतं. पण भिंतीच्या पलीकडे माणूस हेच दुखणं घेऊन झोपत होता आणि अलीकडे मी एकटी आहे असं समजत होते, हे मला सोसवेना. खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मीही लपवलं होतं. ते आठवायला मला आठ दिवस लागले.

नवव्या दिवशी मंगळवार होता. हे बसवर गेले नाहीत. धुतलेला शर्ट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, चल. त्या लांब बाकावर आम्ही शेजारी बसलो. ह्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते.

परत येताना हे वरच्या वाड्याकडे वळले. मी थांबवलं नाही. शांताकाकीच्या अंगणात जाऊन ह्यांनी सांगितलं की हा आजार आमच्या घरात आधी आपल्याला झाला आणि आपण तो लपवला. मी बांधापाशी उभी होते, मला शब्द ऐकू आले नाहीत. नमिताने नंतर सांगितले. तिच्या पोरीचं कडं तर डॉक्टरांच्या मलमाने महिन्याभरातच गेलं होतं, खूणसुद्धा उरली नव्हती. ह्यांचं बोलणं ऐकून शांताकाकीने ह्यांना पाणी दिलं आणि मलाही आत बोलावलं. मी तिच्याकडून काही मागितलं नाही. तिचं चुकलं नव्हतं.

*

त्यानंतर दोघांचे कपडे एकाच पातेल्यात उकळायचे. हे विहिरीचं पाणी काढायचे, मी ढवळायची. बोलणं हळूहळू परत आलं, आधी मलमाचं, मग इतर. चटई मात्र अजून कधी कधी सोप्यावर असते. सगळं पूर्वीसारखं झालं असं मी लिहिणार नाही.

मे महिन्यात अंगठ्याच्या नखाचं शेवटचं पिवळं टोक मी कापून टाकलं. डॉक्टरबाईंनी पुन्हा खरवडून बघितलं, धागे दिसले नाहीत. आमोण्याच्या मुलीने मला पुन्हा नळीतून बघायला दिलं. नुसते तुकडे होते, मध्ये काही नाही. मी बराच वेळ बघत राहिले.

ती बातमी कळल्यावर दीपा जूनमध्ये बाळाला घेऊन माहेरी आली. पोरीला आठवा महिना. ती ह्यांच्याकडे लगेच गेली, बोट धरून ह्यांच्या मिशा ओढू लागली, कारण हे मधूनमधून डिचोलीला जाऊन तिला उचलून यायचे, आपली कातडी स्वच्छ झाल्यापासून. मला बघून तिने तोंड वाकडं केलं आणि दीपाच्या खांद्यात लपली.

सकाळी मी पाणी तापवलं. दीपाने पोरीला न्हाणीत आणलं. मी पाटावर बसून पाय लांब केले आणि तिला पायांवर घेतलं, पण ती काही पालथी राहीना. रडली, वळली, गुडघे रोवून उठून बसली. पायांवर झोपून न्हायचं तिचं वय निघून गेलं होतं. दीपा म्हणाली, आई, राहू दे, मी घालते.

मी पाय मिटले. पोरीला समोर बालदीशी बसवलं आणि पाण्यात हात घालून बसून राहिले. ती रडायची थांबली. माझ्याकडे बघितलं, मग पाण्यातल्या माझ्या हाताकडे. थोड्या वेळाने तिनेही आपला हात बालदीत घातला आणि माझा अंगठा धरला.